नमुना म-१

शार्कचा दात माणसाच्या दातापेक्षा दीडपट कठीण असतो, हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेचे. दुसऱ्या मजल्यावरच्या, उत्तरेला एकच खिडकी असलेल्या खोलीत ते जन्माला आले आणि पुढे पाठ्यपुस्तकांत, मत्स्यालयाच्या पाट्यांवर, एकदा तर टूथपेस्टच्या जाहिरातीतही जाऊन राहिले. जाहिरातीतल्या माणसाने ते हसत उच्चारले होते. आमच्याकडे ते कधी कुणी हसत उच्चारले नाही. वाक्याचे जनक आमचे सर, आणि घरातल्या कर्त्या मुलाकडे पाहावे तसे ते त्या आकड्याकडे पाहत. विभागात सगळे त्यांना पाठीमागे 'दीडपट' म्हणत. तोंडावर काही सांगण्याची हिंमत फक्त यंत्रात होती.

माझे काम दात घासण्याचे. मेलेल्या माशांचे, आणि क्वचित माणसांचे. दात पातळ रेझिनमध्ये उभा ठेवायचा, रेझिन घट्ट होऊ द्यायचे, बरणीच्या झाकणाएवढी ती वडी हिऱ्याच्या पात्याने मधोमध कापायची आणि कापलेली बाजू फिरत्या चकतीवर पाण्याच्या धारेखाली घासत राहायची. आधी खरखरीत कागदावर, मग त्याहून मऊ, मग मखमलीसारख्या कापडावर दुधाळ द्रावण टाकून. खिडकीची चौकट त्यात दिसू लागली की दात तयार झाला. मग तो कठीणपणा मोजण्याच्या यंत्राखाली जातो. हिऱ्याचे चौकोनी टोक ठरलेल्या वजनाने पंधरा सेकंद दातावर टेकते, उठते, आणि मागे पतंगाच्या आकाराची एक खूण राहते, केसाच्या जाडीहूनही लहान. खूण मोठी असेल तर दात मऊ, लहान असेल तर कठीण. सोळा वर्षे मी या खुणांची लांबी-रुंदी मोजते आहे, आणि आता मला वाटते की जगातल्या बहुतेक गोष्टींना याहून अधिक काही विचारता येत नाही: भार ठेवल्यावर किती आत जाते.

शार्कच्या दातांना तोटा नव्हता. बंदरावरचा एक मासेविक्या जबडे पोत्यात घालून पाठवी. शार्कच्या हिरडीमागे दातांच्या रांगा दबा धरून असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, आणि हे जन्मभर चालते. हजारो दात त्याच्या तोंडातून समुद्राच्या तळाशी जातात. त्याचे त्याला काही वाटत असावे अशी नोंद नाही.

अडचण माणसाच्या दाताची होती. तुलनेला तो लागे, आणि तो एकच होता. नोंदवहीच्या पहिल्या पानावर सरांच्या तरुणपणच्या उभ्या अक्षरात लिहिले होते: 'नमुना म-१. मानवी दाढ. स्त्री, वय ३१. निरोगी.' बत्तीस वर्षांत आलेल्या प्रत्येक शार्कची गाठ या एका दाढेशी घालण्यात आली. नमुना बदलला की मोजपट्टी बदलते, असे सरांचे म्हणणे, आणि ते चूक आहे असे म्हणता येत नाही. मोजपट्टी त्यांनी एकदाही बदलली नाही.

पण प्रत्येक नव्या खुणेला कोरी जागा लागते, आणि जागा भरली की वडी पुन्हा घासावी लागते. घासली की थोडी दाढ जाते. पांढुरके पाणी चकतीखालच्या नळीतून मोरीत उतरते, आणि मोरी कशाचीही नोंद ठेवत नाही. म-१ अशी तेवीस वेळा घासली गेली होती. त्यांतल्या नऊ वेळा माझ्या हातून. आता रेझिनमध्ये तिचा उरलेला काप तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवावीत इतकाच जाड होता. सहा वर्षांपूर्वी सर एकदा म्हणाले होते, "म-१ला आता हात लावू नका, बाई. जुनाच आकडा धरा." मला ती काटकसर वाटली.

पत्र आले तेव्हा सरांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते. हाडे, शिंगे, नखे, दात यांच्या गुणधर्मांचा एक जाडजूड संदर्भग्रंथ आहे. त्यातल्या चाळिसाव्या तक्त्यातली सातवी ओळ सरांची. नव्या आवृत्तीच्या संपादकांनी कळवले होते की आपला दीडपटीचा आकडा अन्य दोन प्रयोगशाळांना जुळवता आलेला नाही. त्यांच्या मोजणीत शार्कचा दात आणि माणसाचा दात जवळजवळ सारखेच कठीण भरतात. तरी मूळ नमुन्यावर पुन्हा मोजणी करून महिनाअखेरपर्यंत कळवावे, अन्यथा ओळ वगळण्यात येईल.

"सारखेच!" सर म्हणाले. "ऐकलंत का, बाई? सारखेच म्हणे. मग लोक पाण्यात एकमेकांना का नाही घाबरत?"

"घाबरतात की, सर," कोपऱ्यातून प्रबंध म्हणाला. "फक्त जमिनीवर."

प्रबंध हा आमचा संशोधक विद्यार्थी. वय छत्तीस. गेली नऊ वर्षे तो प्रबंध लिहीत होता, आणि त्याचे खरे नाव आता फक्त हजेरीपटाला आठवत होते.

"तू बोलू नकोस. तिसरा अध्याय कुठाय तुझा?"

"येतोय, सर."

"एवढ्या वेळात शार्कला सगळं तोंड नवं येतं." सरांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "बाई, शेजारच्या दंतचिकित्सालयातून पाच दाढा मागवून घ्या. पुरुष, बायका, सरमिसळ. मोजा आणि आकडे यांच्या तोंडावर मारा."

दाढा मिठाच्या पाण्यात, मुरंब्याची वाटावी अशा बरणीतून आल्या. चार दिवस मी त्या घासल्या. शार्कचा दात भरला तीनशे चाळीस. पाच अनोळखी दाढा भरल्या तीनशे एकतीस, तीनशे अठ्ठेचाळीस, तीनशे सदतीस, तीनशे चव्वेचाळीस आणि तीनशे पस्तीस. म-१चा जुना आकडा दोनशे सव्वीस.

सरांनी कागद दोनदा वाचला.

"ही माणसं कोण आहेत?"

"माहीत नाही, सर. बरणीवर नावं नव्हती."

"बघा. म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा नाही अशी माणसं."

"दाढाच होत्या, सर."

"योगायोगानं पाचही जण कठीण निघू शकतात."

"निघू शकतात."

"म-१ निरोगी होती. मी स्वतः लिहिलंय."

"हो, सर. अक्षर तुमचंच आहे."

मग मला जे सांगणे भाग होते ते मी सांगितले. आता दोनच शक्यता उरत होत्या: बत्तीस वर्षांपूर्वी मोजणी चुकली असेल, किंवा ती दाढच चारचौघींसारखी नसेल. निवाडा करायचा तर म-१वर पुन्हा खूण उमटवायला हवी. तिच्यावर जागा नाही. जागा करायची तर घासावे लागेल.

"घासून उरेल?"

"बहुतेक नाही, सर."

सर खिडकीपाशी गेले. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते: नळ, तारा, एक गंजका जिना. त्यांनी ती बराच वेळ वाचली.

"दोन दिवस द्या मला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांची मुलगी आली. ती शहरबस चालवते. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, गणवेशातच, बापाच्या पुस्तकांची खोकी न्यायला आली होती. सर वरच्या मजल्यावर बैठकीत होते. टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली म-१ होती. तिची जाडी मी पुन्हा एकदा मोजत होते, जणू दुसऱ्यांदा मोजल्याने ती वाढणार होती.

"हीच ना ती?" मुलगी म्हणाली.

"कोण?"

"आईची अक्कलदाढ."

माझा हात यंत्राच्या चाकावर होता. तो मी काढून घेतला. नऊ वेळा, असे माझ्या मनात आले. फक्त तो आकडा.

"म्हणजे बाबांनी सांगितलंच नाही तुम्हाला? धन्य आहेत! अहो ताई, मी तेव्हा पाळण्यात होते. आईची दाढ काढली, तर हे महाशय ती डॉक्टरच्या ताटलीतून रुमालात बांधून थेट इकडे. आई सांगायची, 'मी कशी आहे हे विचारायच्या आधी यांनी दाढ कशी आहे ते विचारलं.'"

"कशी होती?"

"तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

"निरोगी."

ती हसली, आणि पुढचे चार दात नखाने वाजवून दाखवले. आवाज कपबशीचा आला. "हे चारही खोटे. आमच्या आईकडचे दातच कच्चे, ताई. वरचं कवच जन्मापासून नीट बनतच नाही. आजीचे तसे, आईचे तसे, माझे तसे. गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी. घरात बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं."

"सरांना कसं नाही?"

"आई सांगू द्यायची नाही. म्हणायची, त्यांना आयुष्यात एकच आकडा मिळालाय, त्याला कशाला धक्का लावायचा?"

मी नोंदवहीचे पहिले पान आठवत राहिले. बत्तीस वर्षे यंत्र एका बाईबद्दल सांगत होते, आणि सर ते माशाबद्दल समजून घेत होते.

ही गोष्ट सरांना कशी सांगावी याचा मी विचार सुरू केला होता, पण बस चालवणाऱ्या माणसाला वळणाआधी फार विचार करून चालत नसावे. सर दारातून आत आले आणि मुलगी म्हणाली, "बाबा, आईचे दात कच्चे होते."

सरांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खोक्यावर ठेवला. "कुणी म्हटलं?"

"मी म्हणतेय. माझे बघा ना. कुणाचे आलेत? तुमचे? तुम्ही तर अजून दातांनी दोरा तोडता."

"ती कधी काही बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलं?"

सर बसले. कपातल्या चहावर साय धरली. प्रबंध आपल्या कोपऱ्यात, नऊ वर्षांत प्रथमच, लिहिण्यात गढून गेला होता.

"पावाचं टोक ती रोज मला द्यायची," सर म्हणाले. "ते कडक टोक. मला आवडतं म्हणून."

"तिला चावायचं नाही म्हणून, बाबा."

"संसाराची एकतीस वर्षं?"

"एकतीस वर्षं."

"सफरचंद ती कागदासारखं पातळ चिरायची. मला वाटायचं, नीटनेटकी आहे."

"नीटनेटकी पण होतीच."

सरांनी मान हलवली. एखादा आकडा तपासून जागेवर ठेवावा तशी. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, घासा."

"अहो बाबा, काय बोलताय! घासली तर काही उरणार नाही. आईचं दुसरं काय आहे आपल्याकडे? फोटो सोडले तर?"

"न घासता मला कळणार कसं?"

"मी सांगतेय ना!"

"तू सांगतेस ते ऐकीव आहे."

"ऐकीव? मी तिची मुलगी आहे!"

"म्हणून तर," सर म्हणाले, अगदी शांतपणे. "तू तिची बाजू घेणार. चूक माझ्या मोजण्यात असेल, तर तिचे दात चांगले होते आणि ते टोक ती मला खरंच माझ्यासाठी देत होती. चूक मोजण्यात नसेल, तर ती एकतीस वर्षं दुखणं गिळून माझ्यासमोर जेवत होती, आणि ते मी दर वर्षी मोजून छापत होतो. यातलं कुठलं खरं, ते मला कळायला नको?"

मुलीने टोपी काढून पुन्हा घातली. तिच्या बसची वेळ झाली होती.

मी म्हटले, "सर, घासायच्या आधी मला एक दिवस द्या. कुठे जागा सापडते का बघते."

जागेचे नियम कडक असतात. दोन खुणांत किमान तीन खुणांचे अंतर हवे, नाहीतर शेजारणीच्या दुखापतीने नवीचा आकडा बिघडतो. कडेपासूनही तितकेच लांब राहावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी म-१चा पृष्ठभाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली ती दाढ म्हणजे उंचावरून पाहिलेले, दिवे मालवलेले शहर: खुणांच्या ओळी, ओळींना छेदणाऱ्या ओळी, कुठे मोकळे मैदान नाही. एकशे पंच्याऐंशी खुणा मी मोजल्या. त्यांत स्वतःच्या खुणा मला ओळखू येत होत्या. मी किंचित डावीकडे झुकते.

दुपारी साडेतीनला जागा सापडली. अगदी शेवटच्या ओळीत, जिथे कवच संपून आतला मऊ भाग सुरू होतो त्याच्या जवळ, सहाऐवजी पाचच खुणा होत्या. ती ओळ माझी होती. सहा वर्षांपूर्वी, सहावी खूण उमटवायच्या आधी, दवाखान्यातून सरांना बायकोच्या उशाशी बोलावणे आले होते, आणि जिन्याकडे धावता धावता ते म्हणाले होते, "राहू द्या." मी राहू दिले. सोळा वर्षांतली ती माझी एकमेव अपुरी ओळ, आणि तिच्याबद्दल मला अनेकदा अपराधी वाटले होते.

सरांना मी धोकाही सांगितला. इतका पातळ काप वजनाखाली तडकू शकतो. कठीण कवच ठिसूळ असते. खुणेच्या कोपऱ्यातून भेग निघाली आणि आरपार गेली, तर वडीत दोन तुकडे राहतील, आणि मग घासलेली आणि न घासलेली यांत फारसा फरक उरणार नाही.

"मुलीला येऊ द्या," सर म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी आली, बस थांब्यावर लावून. "बारा मिनिटं आहेत," ती म्हणाली. "प्रवासी बसलेत आत. त्यांना सांगितलंय, घरचं काम आहे."

मी वडी यंत्राखाली ठेवली, टोक त्या रिकाम्या जागेवर आणले आणि सरांकडे पाहिले. ते खिडकीतून गंजका जिना वाचत होते. "चालू द्या," ते पाठमोरेच म्हणाले.

हिऱ्याचे टोक उतरले. पंधरा सेकंद. या काळात बोलू नये असा नियम नाही, पण टेबलाला धक्का लागू नये असा आहे, आणि आम्ही चौघेही टेबलापासून दूर उभे राहिलो. प्रबंधसुद्धा, वही छातीशी धरून. टोक उठले.

खुणेच्या एका कोपऱ्यातून भेग निघाली होती. केसाच्या सावलीसारखी बारीक, सरळ. ती मऊ भागाच्या सीमेपर्यंत गेली होती आणि तिथे थांबली होती. दातांत असे होते: कठीण कवचातून धावत आलेली भेग आतल्या मऊ भागाशी येऊन जिरते. शार्कचा दात काय, माणसाचा काय, टिकतो तो यामुळे. मी हे वाक्य कितीदा तरी अहवालात लिहिले आहे.

"तडकली?" मुलीने विचारले.

"थोडी. अख्खी आहे."

मी खूण मोजली. एकदा, मग वडी फिरवून दुसऱ्यांदा.

"दोनशे अठ्ठावीस, सर."

सर वळले नाहीत. "पहिल्या दिवशी दोनशे सव्वीस होता."

"हो. दोनाचा फरक हाताचा."

"म्हणजे यंत्र बरोबर होतं."

"हो, सर."

"मोजणीही."

"मोजणीही."

"मग चुकलं काय?"

प्रबंध काहीतरी म्हणणार होता. मुलीने त्याच्याकडे पाहिले. थांब्यावर चुकीच्या दाराने चढणाऱ्या प्रवाशाकडे पाहावे तसे. तो थांबला.

"आकडा चुकला नाही, सर," मी म्हटले. "फक्त तो सगळ्या माणसांचा नाही. एकट्या त्यांचा आहे."

मुलगी बापाजवळ गेली, त्यांच्या कोटाचा एक सुटलेला धागा ओढला, तो दाताने तोडायला गेली आणि मग बोटाने तोडला. "येते मी," ती म्हणाली. "आठ नंबरचे प्रवासी वाट बघतायत. रात्री जेवायला या. आणि पाव मी आणते, तुम्ही आणू नका." जिन्यावर तिचे बूट बराच वेळ ऐकू आले.

संध्याकाळी सरांनी संपादकांना पत्र लिहिले आणि मला टंकायला दिले. त्यात म्हटले होते की मूळ नमुन्यावर पुन्हा मोजणी केली असून आकडे बरोबर आढळले. मात्र तक्ता चाळीस, ओळ सातमध्ये 'माणूस' या शब्दाऐवजी 'एक स्त्री' असे वाचावे. अन्य मजकूर कायम ठेवावा.

उत्तर निवृत्तीच्या आदल्या दिवशी आले. संपादकांनी तत्परतेबद्दल आभार मानले होते. तक्त्यात एका व्यक्तीसाठी ओळ देण्याची पद्धत नाही, असे त्यांनी खेदपूर्वक कळवले होते. सबब ओळ वगळण्यात येत होती.

"पद्धत नाही म्हणतात," सर म्हणाले.

"हो, सर."

"बरोबर आहे त्यांचं. मीही दिली नसती."

मग त्यांनी नोंदवही मागितली. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची आमच्याकडे एक रीत आहे: शब्द गिरगटायचा नाही; पट्टीने एकच रेघ मारायची, म्हणजे खालचा शब्द वाचता येतो, आणि शेजारी तारीख, सही आणि कारण. सरांनी पहिल्या पानावर 'निरोगी'वर रेघ मारली. तारीख घातली. सही केली. त्यांचे अक्षर आता उभे राहिलेले नाही, पण वाचता येते. कारणाच्या जागी त्यांनी लिहिले: 'नोंद करणाऱ्याने विचारले नाही.'

शेवटच्या दिवशी, निरोपाचे भाषण वगैरे झाल्यावर, ते म-१ घरी न्यायला आले. नमुना इमारतीबाहेर जाताना एक अर्ज भरावा लागतो, आणि तो तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. नमुन्याचे वर्णन: दाढ, एक. स्थिती: तडा गेलेली, अखंड. नेण्याचे ठिकाण: घर. नेणाऱ्याचे नाते, असा रकाना आमच्या अर्जात नाही. परत आणण्याची तारीख, हा आहे. तो सरांनी कोरा ठेवला, वडी रुमालात बांधली आणि खिशात टाकली. खिसा वरून दाबून पाहिला.

ते गेल्यावर मी अर्ज फायलीत लावायला घेतला. कोरा रकाना ठेवणे नियमात बसत नाही. मी पट्टी घेतली आणि तिथे एक सरळ रेघ ओढली.